ओट्याजवळचा फोन

कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर अजून आधी भिंतीच्या पायथ्याशी जाते. फोनची वायर कुठून आत आली, कुठे वळली, कुणी ती सोफ्याखाली दडपली, हे बघितल्याशिवाय मला बसवत नाही. बायको म्हणते, "लोकांच्या घरी गेल्यावर माणसांच्या तोंडाकडे बघावं." तिचं बरोबर आहे. पण टेलिफोन खात्यात नाशकात एकतीस वर्षं काढली, आधी लाइनमन म्हणून आणि मग फोन मेकॅनिक म्हणून. त्यातली बरीचशी गुडघ्यांवर गेली. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला भिंतीचा पायथाच दिसणार.

आमच्या कामाबद्दल लोकांचे दोन समज असत. एक, आम्ही खांबावर चढून लोकांचं बोलणं ऐकतो. दुसरा, आम्ही काहीच करत नाही. दोन्ही खोटे, निदान बऱ्याच अंशी. खरं काम अगदी साधं असतं. एक्स्चेंजमधून निघालेल्या दोन तारा खांबावरून तुमच्या खिडकीपर्यंत येतात आणि भिंतीवरच्या एका छोट्या डबीत संपतात. त्या डबीला आम्ही रोझेट म्हणतो. फोनची पिन त्यात खोचली की झालं. रोझेटपर्यंतची जबाबदारी आमची आणि रोझेटच्या पुढची तुमची, असा खात्याचा कायदा होता. मात्र रोझेट कुठल्या भिंतीवर बसवायचं यावर खात्याचं काही म्हणणं नसे. ते घरमालकानं सांगायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. मी वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून गल्लीत शिरलो की पोरं मागे धावत. आत गेल्यावर मी एकच प्रश्न विचारी, "फोन कुठे बसवायचा?" तो घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारायचा, ही आमची पद्धत होती. कुणी शिकवली नाही, पण सगळे तसंच करत. तो हॉलमधल्या शोकेसकडे बोट दाखवी. त्यावर आधीच क्रोशाचा रुमाल पसरलेला असे. फोन लागला की हार, हळदीकुंकू, पेढा. घरातली बाई पेढ्याचं ताट घेऊन दारात उभी असे. तिला विचारावं असं एवढ्या वर्षांत मला एकदाही सुचलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. पुढे ते माझ्या अंगाशी येणार आहे.

फोनचा खरा शत्रू पाऊस नव्हे, डागडुजी. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळं नाशिक भिंती खरवडायला घेई आणि आमच्या तक्रारवहीची पानं भरू लागत. रंगारी रोझेटवरून ऑइलपेंटचा हात फिरवायचा. गवंडी ते प्लॅस्टरमध्ये गाडून वर म्हणायचा, "इथे काहीतरी पांढरं होतं खरं." आणि घरमालकांना भिंत उकरलीच आहे तर फोनची जागाही बदलून घ्यावी असं वाटे.

पंचवटीतल्या एका गुरुजींनी असंच रोझेट हलवून देवघरालगत घेतलं. यजमानांचे फोन देवाच्या साक्षीनं यावेत, हा हेतू. हेतू चांगलाच होता, पण दर खंडेनवमीला फोन बंद पडू लागला. तिसऱ्या वर्षी मी डबी उघडली तर आत हळद, कुंकू, दोन अक्षता आणि ओल. गुरुजी यंत्रांच्या पूजेत फोनवरही पळीनं पाणी शिंपडत होते.

"प्रोक्षण तर केलंच पाहिजे," गुरुजी म्हणाले.

"करा ना. फक्त याच्यापुरती मानसपूजा करा," मी म्हटलं. हे त्यांना शास्त्रशुद्ध वाटलं आणि पुढे फोन बंद पडला नाही.

मखमलाबादला फुलांचा मळा असलेले एक अण्णा होते. त्यांनी घर दुरुस्त करताना रोझेट थेट फुलं भरायच्या शेडमध्ये नेलं आणि त्याच्याच खिळ्यावर शेवंतीचं ओलं पोतं टांगलं. मी वैतागून म्हटलं, "अण्णा, फोन घरात ठेवा की."

"घरात कोन बसतंय सायेब? यापाऱ्याचा फोन येतो तवा आमी समदे हितं असतो. लय लांब पडतं घर," अण्णा म्हणाले. "जिथं मानूस हाय तिथं फोन पायजे. सोफ्याला काय करायचाय?"

मी पोत्यासाठी वेगळा खिळा ठोकून दिला आणि हसत हसत निघून आलो. अण्णांचं म्हणणं मी एक गंमत म्हणून सगळ्यांना सांगत असे. त्यात शिकण्यासारखं काही आहे हे कळायला मला जेलरोडच्या जोर्वेकरांच्या घरी पाच वेळा जावं लागलं.

जोर्वेकर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. निवृत्त होऊन जेलरोडला बंगलीवजा घरात राहात. घरात ते आणि वहिनी, दोघंच. एकुलती एक मुलगी मंजिरी, लग्न होऊन इंदूरला दिलेली. जोर्वेकर सज्जन माणूस, पण तक्रार करण्याची त्यांना मनापासून आवड. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास त्यांनी ब्रॉडबँड घेतलं आणि आमच्या खात्याला रोज एक ईमेल जाऊ लागली. ब्रॉडबँड बंद पडलं की ते फोनवरून तक्रार करत, फोनही बंद पडला की स्कूटरवरून स्वतः येत. मला ते कधी "खैरनारसाहेब" म्हणत आणि कधी नुसतं "खैरनार". त्यावरून त्या दिवसाचा स्पीड किती आहे ते मला समजे.

फोनच्या बाबतीत त्यांची व्यवस्था कंट्रोल रूमसारखीच कडक होती. शोकेसवर फोन, फोनशेजारी आरामखुर्ची, आरामखुर्चीत जोर्वेकर. एसटीडीला गुप्त आकड्याचं कुलूप, आकडा त्यांच्या डोक्यात. निवृत्तीनंतर त्यांनी स्पीकरवाला फोन आणला होता. मंजिरीचा रविवारी फोन आला की ते पहिल्या घंटेला उचलत, स्पीकर लावत, इंदूरचं हवामान विचारत आणि मग स्वयंपाकघराकडे बघून हाक मारत, "चला, आईची पाळी." वहिनी पदराला हात पुसत येत आणि खुर्चीशेजारी उभं राहून सबंध हॉलला ऐकू जाईल असं लेकीशी बोलत. जोर्वेकरांना यात गैर काही वाटत नव्हतं. उलट सगळ्यांना सगळं ऐकू येतं, ही सोयच.

एका वर्षी त्यांच्या हॉलच्या भिंतीला गच्चीतून ओल आली. प्लॅस्टर उतरवलं, नवं केलं, रंग दिला. कामं चालू असताना जोर्वेकर चार दिवस चाळीसगावला पुतण्याच्या लग्नाला गेले. परत आले तर भिंत सुरेख, आणि फोन स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला, खिडकीखाली.

"गवंड्यानं चुकून तिकडे नेला," वहिनी म्हणाल्या.

कॉम्प्युटर आणि मॉडेम हॉलमध्येच होते. त्यामुळे जोर्वेकर पुटपुटले आणि गप्प बसले. पण आठवडाभरात तक्रार आली: फोन वाजला की इंटरनेट तुटतं.

हे का होतं ते सांगतो. फोन आणि ब्रॉडबँड त्याच दोन तारांवरून येतात. घरात शिरल्याबरोबर स्प्लिटर नावाची एक डबी लावायची. ती एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला इंटरनेट असं वेगळं करून देते. भाऊ वेगळे निघताना आधी वाटणी आणि मग दोन चुली, तसंच. इथे भिंतीच्या कामावर आलेल्या वायरमननं फोनची तार स्प्लिटरच्या अलीकडूनच तोडून स्वयंपाकघरात नेली होती. वाटणी होण्याआधीच एक भाऊ ताट घेऊन बसला होता. घंटा वाजली की तिचा धक्का सरळ मॉडेमला बसे आणि हॉलमधलं इंटरनेट कोसळे.

आणि फोन कुणाचा यायचा? मंजिरीचा. वहिनींनी रिसिव्हर कानाला लावला न लावला तोच जोर्वेकर स्वयंपाकघरात हजर. "ठेव, ठेव. माझं नेट गेलं. संध्याकाळी कर म्हणावं."

मी गेलो त्या दिवशी माझ्या खिशात अकरा तक्रारींचे कागद होते. वायरचा जोड नव्या प्लॅस्टरच्या आत गाडलेला. तो नीट करायचा तर स्प्लिटरपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीच्या कडेकडेनं, दोन दारांच्या चौकटींवरून नवी वायर न्यायला हवी होती. तासाभराचं काम. दुसरा उपाय पाच मिनिटांचा. बाहेरून नवा तुकडा थेट हॉलमध्ये घ्यायचा, फोन पूर्वीच्या जागी शोकेसवर आणि स्वयंपाकघरातली तार मेलेली सोडून द्यायची. मी पाच मिनिटांचा उपाय केला.

वहिनी दारात उभ्या होत्या. "तिथे अजिबातच नाही का राहणार?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, एका लाइनीला एकच जागा," मी म्हटलं. हे धड खरं नव्हतं आणि ते मला माहीत होतं. पण कामाच्या माणसाला खोटं बोलायची घाई असली की ते नियमासारखं बोलता येतं.

जोर्वेकर खूश झाले. "बघ, खात्याची माणसं अशी असतात. नाहीतर तुझा तो गवंडी," असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली. वहिनींनी चहा दिला. लाइनमन चहावरून घर ओळखतो. एरवी त्यांचा चहा आलं घातलेला, दाट. त्या दिवशी साखर विसरली होती. वय झालं असेल, असं मी मनात म्हटलं. म्हणजे माझ्या हुशारीची कल्पना यावी.

पुढच्या महिन्यात जोर्वेकरांचा फोन बंद. तक्रार कुणा बाईनं शेजारच्या घरून नोंदवलेली. गेलो तर जोर्वेकर घरी नव्हते. गुरुवारी ते पेन्शनरांच्या बैठकीला जात. रोझेट उघडलं, तार स्क्रूमधून निसटलेली. माझ्याकडून ढिली राहिली असणार म्हणून गुपचूप आवळली आणि निघालो. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. गुरुवार, शेजारच्या घरून तक्रार, तार बाहेर. या वेळी वहिनी बराच वेळ माझ्याजवळ उभ्या राहिल्या. काहीतरी विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या मुली केवढ्या आहेत?" मी म्हटलं, एक दहावीला आहे, एक सातवीत. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मला राग आला होता. मी आवळलेला स्क्रू आपोआप सुटतो म्हणजे काय? डबी उघडून उजेडात नीट बघितली. स्क्रूच्या खाचेत काहीतरी पांढुरकं वाळलेलं होतं. नखानं खरवडलं. कणीक. पोळ्यांची कणीक.

मी मागे बघितलं. वहिनी उभ्याच होत्या.

"सापडला का बिघाड?" त्यांनी विचारलं.

"सापडला," मी म्हटलं. "कणीक लागलीय."

त्या खाली जमिनीवरच बसल्या, माझ्यासमोर. आम्ही दोघं रोझेटच्या उंचीवर आलो.

"मग तुम्हाला बोलवायचं तरी कसं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या तक्रारीच्या नंबरावर, मला लेकीशी बोलायचंय, असं लिहून घेतात का?"

मी पेचकस खाली ठेवला. मग त्यांनीच सांगितलं. फोन गवंड्यानं नेला नव्हता. त्यांनीच वायरमनला सांगून नेला होता. लग्नाला गेल्या असत्या तर ही संधी मिळाली नसती, म्हणून गुडघे दुखतात असं सांगून मागे राहिल्या होत्या. वर्षभर मंजिरी फोनवर एकच वाक्य बोलत होती: सगळं ठीक आहे.

"ती ठीक आहे म्हणते आणि मग नुसती थांबते," वहिनी म्हणाल्या. "काही बोलत नाही, पण ठेवतही नाही. ह्यांना वाटतं लाइन गेली. हे हॅलो हॅलो करतात. मला कळतं हो, ती बाबांच्यासमोर बोलायची नाही. स्पीकरवर कोण बोलेल? मी एकदा बूथवर जाऊन फोन केला. सासूबाईंनी उचलला. शेजारी जाऊन करावा तर कॉलनीभर होईल. मोबाइल घरात एकच, तो ह्यांच्या खिशात. मला फक्त ती थांबते ना, तिथे तिला विचारायचंय, काय गं? एवढंच. त्याला किती वेळ लागतो?"

"स्वयंपाकघरात फोन होता तेव्हा विचारलं नाहीत?"

"दोनदा आला. दोन्ही वेळा ह्यांचं नेट गेलं."

आणि मग मी येऊन तो कायमचा बंद करून गेलो होतो. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मीच मनात म्हटलं. माझ्या पाच मिनिटांच्या उपायाला दोन महिने होत आले होते. इतकी वर्षं खांबांवर चढून मी स्वतःला फार मोठा कारागीर समजत होतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, सरळ सांगतो.

काम तेव्हाच करता आलं असतं. पण चोरून बसवलेला फोन चोरूनच काढला जातो. मी म्हटलं, "वहिनी, उद्या येतो. साहेब घरी असतानाच येतो."

दुसऱ्या दिवशी खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि चेहऱ्यावर खात्याचा गंभीर भाव घेऊन गेलो. जोर्वेकर आरामखुर्चीत होते.

"साहेब, तुमच्याकडे फोन वारंवार बंद पडतोय. चौकशी केली. मॉडेम आणि फोन एका खोलीत असल्यामुळे हे होतंय. ब्रॉडबँड असेल तर फोन दुसऱ्या खोलीत हवा, असा नियम आलाय."

"कुठल्या परिपत्रकात?" जोर्वेकरांनी चष्मा वर केला.

ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. "लेखी नाही अजून," मी म्हटलं. "तोंडी आदेश आहे."

"दुसरी खोली म्हणजे बेडरूम चालेल."

"बेडरूमची भिंत मॉडेमला लागून आहे, साहेब. स्वयंपाकघराची मधे एक सोडून आहे. आणि हॉलमध्ये दुसरा फोन जोडायचा नाही, स्पीड पडतो." एक थाप पचली की दुसरी आपोआप सुचते, हे मी आमच्या साहेबांकडून शिकलो होतो.

जोर्वेकरांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मग उठले, स्टूल आणलं आणि मी काय करतो ते बघत बसले. मी दारातच स्प्लिटर लावला. तिथून नवी वायर, कडेकडेनं, चौकटीवरून, दर वितीला एक क्लिप. पूर्ण तास लागला. एवढं सरळ काम मी पूर्वी फक्त कलेक्टरांच्या बंगल्यावर केलं होतं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओट्याच्या कडेला जुन्याच जागी रोझेट बसवलं, फोन जोडला, माझ्या मोबाइलवरून रिंग दिली. फोन वाजला. जोर्वेकर हॉलमध्ये जाऊन मॉडेमचे दिवे बघून आले.

"नेट गेलं नाही," ते म्हणाले.

जाणार कसं? वाटणी नीट झाली होती. नव्या, नीट जोडलेल्या तारेमुळे स्पीडही वाढला. आता जोर्वेकर म्हणजे मिळालेली माहिती स्वतःपुरती ठेवणारा माणूस नव्हे. पेन्शनरांच्या बैठकीत त्यांनी हा नियम समजावून सांगितला. पुढच्या दीड महिन्यात त्या कॉलनीतून फोन स्वयंपाकघरात हलवण्यासाठी नऊ अर्ज आले. आमचे साहेब चक्रावले. "खैरनार, जेलरोडला काय साथ आलीय?" मी म्हटलं, वास्तुशास्त्र असेल. नऊच्या नऊ फोन मी हलवून दिले. प्रत्येक घरी दारात उभ्या असलेल्या बाईचा चेहरा बघत गेलो आणि प्रत्येक घरी चहात साखर होती.

मधे तीन-चार आठवडे गेले. जोर्वेकरांची एकही तक्रार नाही, ईमेल नाही. मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. कॉलनीत दुसऱ्या कामाला गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, दोघं अचानक इंदूरला गेलेत.

त्यानंतर एके दिवशी जोर्वेकर ऑफिसात आले. स्कूटर लावली, पण नेहमीसारखे दारातूनच बोलत आले नाहीत. माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. अक्षर लॉगबुकात लिहितात तसं सुटं, स्वच्छ. "माझ्या दूरध्वनीवरील एसटीडीचे कुलूप कायमचे काढावे. कारण: घरगुती."

"खैरनार, मंजिरीला घेऊन आलोय," ते म्हणाले. "आता ती परत जायची नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले आणि हातातली स्कूटरची किल्ली फिरवू लागले.

"त्या घरात तिच्यावर हात टाकत होते. वर्षभर. आईला सांगितलं तिनं. पहिल्याच रविवारी. वीस मिनिटं ही ओट्याशी उभी होती आणि मी हॉलमध्ये खुशाल बातम्या वाचत होतो." मग म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये एखाद्या मीटरचा काटा जरासुद्धा हलला नाही ना, तर आम्ही आधी त्या मीटरवर संशय घ्यायचो. काटा थोडा तरी हललाच पाहिजे. आणि पोरगी वर्षभर एकच वाक्य बोलत होती. सगळं ठीक आहे. मी ऐकत होतो. स्पीकरवर."

मी अर्जावर शिक्का मारला. माझे दोन महिने मला आठवत होते. ते मी त्यांना सांगितले नाहीत. आज इथे लिहितोय.

मंजिरी नाशकातच राहिली. पुढे एका शाळेत गणित शिकवायला लागली. त्यांच्या घरी मी अधूनमधून जात राहिलो, कारण जोर्वेकरांच्या तक्रारी पुन्हा जोमानं सुरू झाल्या आणि मला बरं वाटलं. कुलपाचा आकडा काढल्यावर वहिनींनी पहिला एसटीडी फोन आपल्या बहिणीला धुळ्याला केला आणि तिच्याशी कुरडयांच्या चिकाविषयी पाऊण तास बोलल्या, अशी तक्रारही त्यांनी माझ्याकडे नोंदवली. मी ती वहीत घेतली नाही.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. जोर्वेकरांनी स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलं. जुना कडप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइटचा करायचा, नव्या फरशा, नवं वायरिंग. रोझेट काढून ठेवलं होतं आणि ते परत बसवायला मला बोलावलं होतं. वायरमन तिथेच होता, चुणचुणीत माणूस. तो म्हणाला, "काका, फोन आता हॉलमध्ये टीव्हीपाशी घ्या. फरशा फोडायला नकोत. आणि लँडलाइन वापरतं कोण आता?"

"नाही. ओट्याजवळच," जोर्वेकर म्हणाले. "ब्रॉडबँड असलं की फोन दुसऱ्या खोलीत लागतो. नियम आहे."

वायरमन हसला. "कुणी सांगितलं काका? सगळ्यांकडे एकाच टेबलावर असतात दोन्ही."

जोर्वेकरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघू लागलो.

"आमच्या कंट्रोल रूममध्ये एका टेबलावर सहा फोन होते," ते सावकाश म्हणाले. "एकाचा दुसऱ्याला कधी त्रास झाला नाही. तरी नियम आहे. तोंडी आदेश."

वायरमन मान हलवून कामाला लागला. मी जोर्वेकरांच्या जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "साहेब, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मी स्टुलावर तासभर काय वायर बघत बसलो होतो का?" ते म्हणाले. "तुम्ही क्लिपा ठोकत होतात आणि ही भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघत होतो. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे फोनच काय, काहीच मागितलं नव्हतं. मग म्हटलं, असू दे नियम."

हे बोलून ते हॉलमध्ये गेले आणि त्यांनी मधलं दार लोटून घेतलं.

वहिनी नव्या ओट्यावर पीठ मळत होत्या. मी पेचकस काढला, रोझेट हातात घेतलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो प्रश्न योग्य माणसाला विचारला.

"वहिनी, फोन कुठे बसवायचा?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग कणकेनं भरलेलं बोट ओट्यामागच्या भिंतीच्या कोऱ्या फरशीवर टेकवलं आणि तिथे एक पांढरी खूण केली.